सुरी लावण्याआधीची चौकशी

कर्करोगावरच्या जागतिक साहित्यात धाराशिव जिल्ह्याचे नाव पक्के बसलेले आहे, फक्त ते उस्मानाबाद असे छापलेले सापडते. ऑक्टोबर 1999 ते नोव्हेंबर 2003 या काळात जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांना एका अभ्यासात घेतले गेले. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गावांचे 52 समूह केले आणि ते चार गटांत वाटले. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप तपासणी, तिसऱ्याला व्हिनेगर लावून गर्भाशयमुख पाहण्याची साधी तपासणी, चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. 2009 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या 34,126 स्त्रियांपैकी आठ वर्षांत 34 जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या 31,488 स्त्रियांपैकी 64. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे जगाला कळले ते इथल्या बायांमुळे.

त्या चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, हा नैतिक आक्षेप पुढे जोरात घेतला गेला आणि तो मला गंभीर वाटतो. जिल्ह्याच्या वैद्यकीय वारशात हा निष्कर्षही येतो आणि हा आक्षेपही.

हे पुस्तक मात्र दुसऱ्या अवयवाचे आहे. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका ज्यांना रक्तातूनच, म्हणजे आईवडिलांकडून, आला आहे अशा स्त्रियांसाठी रोग होण्याआधी करायच्या शस्त्रक्रियांचे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, तालुक्याच्या डॉक्टरने, परिचारिकेने, आशाताईने आणि ज्या घरात हा प्रश्न येऊन ठेपला आहे त्या घरातल्या माणसांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे. धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथल्या पहिल्या तुकड्यांसमोर हा विषय विद्यार्थिदशेतच यावा. अवघड वाटेल तिथे पान उलटून पुढे जावे. विषय नवा असला तरी शिरायला कठीण नाही.

शिरताना पहिली अडचण येते ती त्या जुन्या यशाचीच. गर्भाशयमुख डोळ्यांना दिसते. व्हिनेगर लावल्यावर मिनिटभरात बिघडलेली जागा पांढरी पडते, आणि रोग व्हायच्या आधीची पायरी तिथेच गोठवून किंवा कापून काढता येते. अंडाशय ओटीपोटात खोल, बोटाला लागेल न लागेल असे. रक्तातली सीए-125 ही चाचणी आणि सोनोग्राफी यांनी तो कर्करोग लवकर पकडता येईल, या आशेवर ब्रिटनमध्ये 2,02,638 स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. 2021 साली त्याचा अखेरचा हिशेब आला : मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून ‘दर वर्षी सोनोग्राफी करत जाऊ, काही दिसले तर बघू’ हा सल्ला, कितीही आपुलकीने दिलेला असला, तरी अंडाशयाच्या बाबतीत खोटा धीर देतो. बहुतेक स्त्रियांत हा रोग कळतो तेव्हा तो पोटभर पसरलेला असतो. आपल्याकडे त्याची ओळख ‘पोटात पाणी झाले’ अशी आहे. आधी गॅस, मग पोट फुगणे, जेवण दोन घासांवर येणे, शेवटी पाणी काढायला बार्शी नाहीतर सोलापूर. जुन्या पिढीतल्या कितीतरी बाया ‘जलोदराने गेल्या’ म्हणून सांगितल्या जातात. त्यांतल्या काहींचे निदान आज वेगळे निघाले असते.

जो रोग लवकर सापडत नाही, तो ज्या अवयवात सुरू होतो तो अवयव आधीच काढावा, हा विचार ऐकायला सोपा आहे. काढायचा कुणाचा, हा खरा प्रश्न, आणि या शास्त्राची सगळी कसोटी तिथे आहे. सर्वसाधारण भारतीय स्त्रीला आयुष्यभरात हा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात एक किंवा त्याहूनही कमी. तिच्या पोटात सुरी घालण्याचे काही कारण नाही. पण बीआरसीए-1 या जनुकात बिघाड घेऊन जन्मलेल्या स्त्रीत ऐंशीव्या वर्षापर्यंतची हीच शक्यता शंभरात 44 च्या घरात जाते आणि बीआरसीए-2 मध्ये 17 च्या. दोघींनाही स्तनाच्या कर्करोगाचा धोका सत्तरच्या आसपास. हे आकडे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, हजारो वाहक स्त्रियांच्या दीर्घ पाठपुराव्याचे आहेत.

काही घराण्यांत कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या उतरतो हे पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने 1866 सालीच लिहिले होते, आणि वंशावळ मांडली होती ती स्वतःच्या बायकोच्या माहेरची. त्यामागे एखादे जनुक आहे असे म्हणणाऱ्या मेरी-क्लेअर किंग यांना बराच काळ कुणी फारसे मनावर घेतले नाही. 1990 साली त्यांनी ते सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. 1994 मध्ये बीआरसीए-1 प्रत्यक्ष हाती आले, पाठोपाठ 1995 मध्ये तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-2. एका कंपनीने त्यांवर पेटंट घेतले. 13 जून 2013 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गातल्या जनुकावर पेटंट चालणार नाही असा निकाल दिला आणि चाचणीच्या किमती उतरू लागल्या. अँजेलिना जोली या अभिनेत्रीने धोक्यापोटी स्तन काढून घेतल्याची आपली कहाणी लिहिली तीही त्याच वर्षी मे महिन्यात. 2015 मध्ये तिने अंडाशय आणि बीजवाहक नळ्याही काढून घेतल्या. मराठी वर्तमानपत्रांनी तेव्हा भरभरून लिहिले, पण नटीचे धाडस यापलीकडे विषय गेला नाही. तिची आई 56 व्या वर्षी गेली होती, आणि त्या घराचा रोगाचा इतिहास तिने नीट विचारून घेतला होता, हा भाग खरे तर आपल्या उपयोगाचा होता.

कुळाची चौकशी करायची कशी, याला या पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत. आपल्या घरांत बाईचा रोग म्हटला की आई, मावशी, आजी एवढेच विचारले जाते. हे जनुक बापाकडूनही तितकेच येते. त्यामुळे आत्याला पोटाचा कर्करोग झाला होता का, चुलत बहिणीला चाळिशीच्या आत स्तनाचा झाला होता का, हे विचारल्याशिवाय वंशावळ पुरी होत नाही. बाप धडधाकट सत्तरी गाठतो, त्याला कधी काही होत नाही, आणि बिघाड मुलीच्या वाट्याला जातो. मुलगा वाहक असला तर त्यालाही प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचा धोका असतो. ‘मुलगाच आहे, सुटलो’ असे नसते. मराठवाड्यात मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत अजून आहे. अशा घराची वंशावळ काढायला बसले की रेघा एकमेकींत गुंततात, एकच बाई एका बाजूने आत्या आणि दुसऱ्या बाजूने सासू निघते. नात्यातल्या लग्नाने हा बिघाड तयार होत नाही. आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी तो पुरेसा असतो. मात्र दोघांकडूनही बीआरसीए-2 चा बिघाड आला तर मुलाला फँकोनी अ‍ॅनिमिया हा गंभीर रक्तरोग होऊ शकतो, म्हणून तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

घरोघर जाऊन विचारण्याची परंपरा या भागाला नवी नाही. 1987 साली बार्शीत ग्रामीण भारतातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिच्या कक्षेत बार्शीबरोबर या जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुके आले. दवाखान्याच्या कागदावर विसंबून खेड्यातला रुग्ण सापडणार नाही हे ओळखून तिथले कार्यकर्ते गावात जात, लोकांना भेटत, लक्षणे सांगत आणि संशयित रुग्णाला तपासणीपर्यंत आणत. तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. जनुकांचे समुपदेशन हा शहरी, काचेच्या केबिनीतला उद्योग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे काम पाहावे. कुणाच्या घरात काय झाले होते हे बाईच्या तोंडून काढणे हा समुपदेशनाचा अर्धा भाग आहे, आणि तो इथल्या बायांना येतो.

आता अडचणीच्या विषयाकडे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीपुढे जी पाहणी आली तीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, अनेकींचे चाळिशीच्या आत. पाळीचा त्रास, पांढरे जाणे, फडात खाडा पडला तर कापले जाणारे पैसे, अंगावरची उचल, आणि त्यावर कुणीतरी घातलेली भीती : ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल.’ धाराशिवच्या कळंब, वाशी, भूम भागातूनही कोयते साखरपट्ट्यात जातात, आणि ही भीती जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला.

अशा मुलखात ‘कॅन्सर होऊ नये म्हणून आधीच ऑपरेशन’ हे वाक्य तोंडातून काढताना जीभ अडखळली पाहिजे. वरवर पाहता ते त्या भीतीच्या वाक्यासारखेच आहे. फरक आहे तो पुराव्याचा. एकीकडे गर्भाशय काढले जाते, ज्याचा या आनुवंशिक धोक्याशी फारसा संबंध नाही; दुसरीकडे नळ्या आणि अंडाशय, ज्यांच्यात रोग सुरू होतो. एकीकडे बाईचे नाव, वय आणि तक्रार एवढाच आधार. दुसरीकडे वंशावळ, प्रयोगशाळेचा अहवाल, दोन-तीन भेटींतली समजावणी आणि ‘नको’ म्हणायला मोकळा वेळ. या क्षेत्रात चांगला डॉक्टर ओळखायचा असेल तर त्याने किती जणींना शस्त्रक्रियेची गरज नाही म्हणून परत पाठवले ते विचारावे. याच कारणाने हे शास्त्र बीडच्या शेजारी शिकवणे मला मुंबई-पुण्यात शिकवण्यापेक्षा जास्त निकडीचे वाटते.

यातून एक रोजची सावधगिरीही निघते. बाई म्हणते, ‘माझी पिशवी काढली आहे’, आणि ऐकणारा पुढचा प्रश्न विचारत नाही. पिशवीबरोबर अंडाशय गेले की राहिले? नळ्या? बोलण्यात ‘पिशवी’ या एका शब्दात सगळे येते, डिस्चार्ज कार्ड हरवलेले असते किंवा दिलेलेच नसते. बीआरसीए असलेल्या घरातली बाई पिशवी काढल्यामुळे निर्धास्त राहते आणि अंडाशय जागेवरच असतात. सोनोग्राफी शंभर टक्के सांगेलच असे नाही, तरी विचारणे आणि पाहणे सुटू नये.

शस्त्रक्रियेचे म्हणाल तर ती दुर्बिणीतून होते, आणि ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हे शब्द कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहेत. दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशय काढायचे. बीआरसीए-1 असेल तर मुलेबाळे झाल्यावर 35 ते 40 या वयात, बीआरसीए-2 असेल तर 40 ते 45 पर्यंत थांबता येते. आरएडी51सी, आरएडी51डी, बीआरआयपी1 या कमी धोक्याच्या जनुकांत 45 नंतर. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असलेल्या घरांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही येतो, तिथे गर्भाशयही काढण्याचा विचार होतो, आणि तो एवढ्याच कारणासाठी. शस्त्रक्रियेने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 80 टक्क्यांनी घटतो. शून्य होत नाही. पोटाच्या आतल्या अस्तरात, पेरिटोनियममध्ये, तोच रोग पुढे उगवण्याची थोडी शक्यता उरते आणि बाईला ते आधी सांगितलेच पाहिजे.

या शतकाच्या सुरुवातीला एक शोध लागला, त्याने सगळे चित्र फिरवले. 2001 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी, आनुवंशिक धोक्यापोटी काढलेल्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, त्यांच्या आतल्या थरात कर्करोगाच्या आधीचे बदल पाहिले. ज्याला आपण अंडाशयाचा कर्करोग म्हणत आलो, त्याचा सर्वांत जहाल प्रकार बहुधा नळीच्या टोकाशी, बोटांसारख्या झालरीत, सुरू होतो आणि मग अंडाशयावर जाऊन बसतो. म्हणून काढलेली नळी कशी तपासायची याला अतोनात महत्त्व आले. झालरीचे टोक वेगळे कापून उभे चिरायचे, उरलेल्या नळीचे आणि अंडाशयाचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करायचे, आणि सगळेच्या सगळे काप तपासायचे. एरवी एखाद-दुसरा तुकडा घेऊन ‘नॉर्मल’ लिहिणे चालते. इथे चालत नाही, कारण काही वाहक स्त्रियांच्या नळीत त्या दिवशीच दाण्याएवढा कर्करोग दडलेला असतो, आणि तो सापडला की पुढचा सगळा उपचार बदलतो. शल्यचिकित्सकाने अंडाशयाची रक्तवाहिनी अंडाशयापासून दोन सेंटीमीटर तरी वर कापायची, पोट धुतलेले पाणी तपासायला पाठवायचे, काढलेला भाग पिशवीत घालून बाहेर आणायचा. हे सगळे झाले आणि फॉर्मालिनच्या बाटलीबरोबरच्या फॉर्मवर ‘बीआरसीए’ लिहायचे राहिले, तर पॅथॉलॉजिस्टला कळायचे कसे? तालुक्याच्या थिएटरातल्या परिचारिकेने या पुस्तकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर त्या फॉर्मवरचे ते एका शब्दाचे कारण ठेवावे.

नळ्यांच्या या शोधातून एक मोहक पर्याय निघाला : आधी फक्त नळ्या काढाव्यात, अंडाशय काही वर्षांनी. अंडाशय राहिले की पाळी राहते. नेदरलँड्स, ब्रिटन आणि अमेरिकेत त्यावर अभ्यास चालू आहेत. बायांचे दैनंदिन जगणे या मार्गाने सुसह्य राहते असे दिसले आहे. कर्करोग तितकाच टळतो का, हे कळायला वर्षे लागतील. ज्यांना आनुवंशिक धोका नाही अशा स्त्रियांची दुसऱ्या कारणाने पोटाची शस्त्रक्रिया होत असेल तर जाता जाता नळ्याही काढाव्यात, असा प्रघात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2010 पासून पाडला. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया बहुतेक बायांवरच होते अशा आपल्या राज्यात नळी बांधण्याऐवजी काढावी का, हा प्रश्न आज ना उद्या येणारच. शिबिरातल्या घाईत त्याचे उत्तर देऊ नये.

चाळिशीच्या आत अंडाशय काढले की पाळी एका दिवसात जाते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी 46-47 च्या आसपास थांबते, म्हणजे पुढची सात-दहा वर्षे शरीराला इस्ट्रोजेनविना काढावी लागतात. अंगाची लाही, झोप उडणे, योनीचा कोरडेपणा, ज्याबद्दल बाई नवऱ्याशी बोलत नाही आणि डॉक्टरशी तर नाहीच. हाडे विरळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. ज्या बाईला डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे आहे तिच्या मणक्याचा विचार शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवा. स्वतःला स्तनाचा कर्करोग झालेला नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हॉर्मोनच्या गोळ्या देता येतात आणि बहुधा द्याव्यातच. त्या कुठे मिळणार, पैसे कोण भरणार, आणि ऊसतोडीच्या हंगामाचा पट्टा पडेपर्यंत सहा महिने घराबाहेर असलेल्या बाईची तपासणी कोण करणार, हे ठरवल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देऊ नये. शस्त्रक्रिया टाळायची किंवा लांबवायची असेल त्या काळात गर्भनिरोधक गोळ्यांनी अंडाशयाचा धोका बराच कमी होतो. स्तनाच्या धोक्याशी त्याचा मेळ घालून सल्ला द्यावा लागतो.

चाचणी सुरू कुणापासून करायची? शक्यतो आजारी व्यक्तीपासून. अंडाशयाच्या जहाल कर्करोगाच्या जवळपास पाचातल्या एकीत बीआरसीएचा बिघाड सापडतो, तिला त्याचा औषधोपचारातही उपयोग होतो, आणि घरातला नेमका बिघाड कळला की बहिणी-मुलींना तेवढाच तपासता येतो. निरोगी मुलीचीच चाचणी आधी केली आणि ती निर्दोष आली तर नेमके काय सिद्ध झाले ते सांगता येत नाही. कधी अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल येतो. आपल्याकडे तो जास्त येतो, कारण जनुकांच्या जागतिक नोंदी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. अशा अहवालावर कुणाचेही अंडाशय काढू नयेत. कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहून आले आहे एवढ्याने घर घाबरते आणि उत्साही सर्जन तयारच असतो.

अठरा वर्षांखालच्या मुलींची ही चाचणी करत नाहीत. त्यापुढच्या मुलींचा प्रश्न लग्नाशी जाऊन अडतो. आईचा अहवाल गावात फुटला तर सोयरिकी मोडतील ही भीती खोटी नाही, म्हणून अहवाल कुणाच्या हातात द्यायचा हे चाचणीआधी तिलाच विचारावे, आणि तिने ‘सासरी कळवू नका’ म्हटले तर ते पाळावे. विम्याच्या बाबतीत 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक विकारांना सरसकट वगळणारे कलम भेदभावाचे ठरवले होते.

खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात डॉ. राजीव सरीन यांनी उभ्या केलेल्या कर्करोग-आनुवंशिकी विभागात अशा घराण्यांचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. धाराशिवहून तिथे जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी. यातला मोठा भाग, वंशावळ काढणे, समजावणे, रक्त घेणे आणि अहवाल आल्यावर पुन्हा भेटणे, जिल्ह्यातच होऊ शकतो. म्हणून पुस्तकाच्या शेवटी वंशावळीचा कोरा तक्ता जोडला आहे. त्यात बापाच्या बाजूची रांग आईच्या बाजूच्या रांगेइतकीच लांब ठेवली आहे, आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने : आजार कुठला, तो कितव्या वर्षी झाला, आणि ही माहिती कुणी सांगितली. तिसरा रकाना रिकामा ठेवू नये, कारण दुसऱ्या भेटीत बहुधा त्याच माणसाकडे पुन्हा जावे लागते.